ह्यांच्या पडद्यावरची मी

६ जून १९९९, रविवार

ही वही मधुची सातवीची. मागची निम्मी पानं कोरी होती. रद्दीत टाकायला काढली आणि म्हटलं, आपणच लिहू. हे बंगलोरला गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही. मधु आहे, पण आठवीतल्या मुलीला आईशी बोलायला कुठला वेळ. शेजारच्या वहिनी गोड बोलतात, पण मी सुकट भाजायला घेतली की त्यांची खिडकी धाडकन लागते.

एमआयडीसीतली ह्यांची कंपनी निम्मी बंगलोरला हलली. हे इंजिनियर, म्हणून बरोबर गेले. कामगार होते ते घरी बसले. तेव्हा आपण तक्रार करायची नाही. पगार आता एका नव्या बँकेत जमा होतो, खातं दोघांच्या नावावर. डोंबिवलीत त्यांची शाखा नाही, नुसतं मशीन आहे, काचेच्या खोलीत, एसी लावून. आणि म्हणे कॉम्प्युटरवर, इंटरनेटमधून, बसल्या जागी सगळं खातं दिसतं. त्याचे नंबर आणि पासवर्ड आले, दोघांची पाकिटं इथेच. ह्यांचं पाकीट मी फोनवर वाचून दाखवलं, माझा नंबरही सांगितला. हे म्हणाले, "तूही शीक. जग कुठे चाललंय बघ." असं म्हणाले की बरं वाटतं. बरोबरीनं घेतात आपल्याला.

पतपेढीतलं जुनं खातं बंद केलं. तिथल्या कांताताई म्हणाल्या, "आता येणार नाही का हो तुम्ही?" मला उगीच चोरी केल्यासारखं वाटलं. लागतील तसे पैसे मी काढायचे, पासबुक कपाटावर पडलेलं असायचं, आणि ह्यांनी ते कधी उघडून बघितलं असेल तर शपथ.

१२ जून, शनिवार

स्टेशनजवळ सरोजचं एसटीडीचं दुकान आहे. तिनं आत पडदा लावून दोन कॉम्प्युटर टाकलेत, बाहेर पाटी लावली सायबर कॅफे. कॅफे म्हणजे स्टोव्हवरचा चहा. आज गेलेले. तो माउस म्हणजे वैतागच आहे, मी हात इकडे नेते तर बाण तिकडे पळतो. सरोज हसून हसून बेजार. फोन लागताना मशीन घसा खाकरल्यासारखं करतं, मग पान इतकं हळू उघडतं की तेवढ्यात मेथी निवडून झाली असती.

आधी पाकिटातला पासवर्ड टाकायचा, मग आपला स्वतःचा ठेवायचा. सरोज तोंड फिरवून बसली. "मला सांगू नका हां ताई, कोणालाच सांगायचा नसतो." मी जरा विचार केला आणि एकवीरा ठेवला. आमच्या देवीचं नाव, तीच राखेल. मग खातं उघडलं. वर ह्यांचं नाव, खाली माझं. सगुणा, इंग्रजीत. मी दोनदा वाचलं.

१३ जून, रविवार

ह्यांचा फोन आलेला. म्हणाले, पासवर्ड काय ठेवलास? मी म्हटलं, सरोज म्हणते सांगायचा नसतो. तर हे हसले. थोड्या वेळानं परत फोन. "एकवीरा. पहिल्याच फटक्यात उघडलं. कोळ्याच्या घरात दुसरं काय असणार?" मीही हसले. नवरा-बायकोत काय लपवायचं. पण नंतर भांडी घासताना हसू आलं नाही, का ते कळलं नाही.

२२ जून, मंगळवार

आज ठाण्याला आईकडे गेलेले, चेंदणीला. येताना तिथल्या मशीनमधून पैसे काढले. पहिल्यांदा एकटीनं. कडकडीत नवीन नोटा आल्या, हातात घ्यायला छान वाटल्या.

संध्याकाळी सातला ह्यांचा फोन. "ठाण्याला गेलेलीस का गं?" मी चाटच पडले. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, ऑफिसात बसल्या बसल्या दिसतं. किती काढले, कुठे काढले. "बरं, कशाला काढलेस?" मी सांगितलं, आईची औषधं, मधुचे बूट. म्हणाले, ठीक आहे. किती काळजी करतात बघा. इथे असताना मी ठाण्याला गेले काय आणि शीळफाट्याला गेले काय, ह्यांना पत्ता नसायचा.

४ जुलै, रविवार

आईचं काय ते लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात नुसतं फिरतंय.

माझी आई मनुबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकते. माझ्या जन्माआधीपासून तिची एकच बसायची जागा, कोपऱ्याची, नळाजवळ. आता तिचे गुडघे गेलेत. ओट्यावर बसली की उठवायला दोघी लागतात. आमच्या बाजारात बायकांचा आपसातला नियम आहे. जागा आईकडून मुलीकडे नाहीतर सुनेकडे. दोघी नसतील तर दुसरीला. वहिनी शाळेत शिकवते, ती बसणार नाही. नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात जातात, नवा हंगाम लागतो, त्या दिवशी जागेवर कोणीतरी बसलेलं हवं.

आई आज मला म्हणाली, "पुनवेपत्तर कोन बसलं नाय तं जागा जाल गो दुसरीला. तू बसशील का?"

मी म्हटलं, आई, मी इंजिनियरची बायको. ती म्हणाली, "तं काय झालं? इंजिनियर मासली खात नाय का?"

खरं लिहायचं तर मला बसायचंय. फार बसायचंय. लहानपणी मी तिच्या मागे पोत्यावर बसून अभ्यास करायचे. बाबा होडीवरून येऊन सगळा माल तिच्या पुढ्यात टाकायचे, आणि मग बारीक तोंड करून म्हणायचे, "मने, जरा दे ना." ती कमरेच्या बटव्यातून काढून द्यायची. पैसा बाईच्या हातात, आमच्यात सगळीकडे तसंच. मी डोंबिवलीला आल्यावर ते सुटलं. सुटलं ते कळलंसुद्धा नाही, कारण पतपेढी होती.

१५ जुलै, गुरुवार

आता प्रत्येक वेळी फोन येतो. पैसे काढले की त्याच दिवशी. मशीनमधून घरी पोचेपर्यंत मी उत्तर जुळवत येते. गॅस, फी, वाण्याचं. खरी उत्तरंसुद्धा जुळवावी लागतात, ही काय गंमत आहे. परवा मी सरळ म्हटलं, "लागले म्हणून काढले." तर म्हणाले, "अगं, चिडतेस काय? हिशेब दोघांना माहीत असावा." ते बरोबरच आहे. त्यांचं काहीही चुकलं नाही, मग मला एवढा घाम का फुटतो?

आईकडे जायचं असलं की आता आदल्या दिवशी इथल्याच मशीनमधून काढते. म्हणजे ठाणं दिसणार नाही.

१६ जुलै, शुक्रवार

"आज सकाळी दूधवाल्याच्या वेळेला कशाला काढलेस? कुठे जायचं होतं?"

२५ जुलै, रविवार

आज धीर करून जागेचं सांगितलं. मधु बाहेर गेलेली, म्हणून मोकळेपणी बोलले. म्हटलं, सकाळी फक्त. मधुची शाळा सुटायच्या आत घरी. माल बाजारातली कलावती मावशी धक्क्यावरून स्वतःच्या टेम्पोत आणून देईल, मला कुठे जायचं नाही. तुमच्या पैशाला हात लावणार नाही.

  हे म्हणाले, "सोसायटीत काय सांगायचं? मधुच्या मैत्रिणींना काय सांगायचं?" मी म्हटलं, मासळी विकते म्हणून सांगायचं. म्हणाले, "सगुणा, मी त्यातून बाहेर पडायला शिकलो. आमचे बाबा रोज संध्याकाळी आईपुढे उभे राहायचे. विडीला पैसे मागायचे. आई सगळ्या खाडीसमोर विचारायची, कशाला? मी बघितलंय. माझ्या घरात मला ते नको."

मला सासूबाई आठवल्या. जनीबाई. बाई कडक होती, पण वाईट नव्हती. कशाला हवेत, एवढंच तर विचारायची. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

"विषय संपला," म्हणाले. मी म्हटलं, बरं.

३ ऑगस्ट, मंगळवार

मधु फोनवर सहज बोलून गेली, "आई आज पण आजीकडे गेलेली." तिची काय चूक. पोरगी बापाशी बोलणारच. फोन माझ्या हातात आला तेव्हा हे अगदी शांत होते. मी आईचे पाय चेपायला गेलेले, हे खरं होतं. तरी मी खोटं बोलत असल्यासारखी बोलले.

९ ऑगस्ट, सोमवार

सरोजकडे गेलेले, खातं बघायला. पासवर्ड टाकला, चूक म्हणतंय. परत टाकला. चूक. सरोज म्हणाली, तिसऱ्यांदा टाकू नका, बंद पडेल. एकवीरा बरोबर लिहिता येतं मला, तेवढं इंग्रजी आहे.

संध्याकाळी विचारलं तर हे म्हणाले, "मी बदलला. सुरक्षित नव्हता, कोणालाही ओळखता येईल. आणि बाकीचे पैसे फिक्सला टाकलेत, व्याज मिळेल. तुला दर सोमवारी आठवड्यापुरते खात्यात सोडत जाईन. काही जास्त लागलं तर मला सांग ना. मी आहे की."

मी आहे की. किती गोड आवाजात म्हणाले. मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहिले, आणि मला एकदम इतकी चीड आली की कणीक मळता येईना. कोणावर चिडायचं? मारत नाहीत, पीत नाहीत, पैसे वेळेवर सोडतात. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतील, सगुणानं नशीब काढलं. चार भिंती, वर पंखा, फोन. आणि मी आत. दार उघडंच आहे, पण मी बाहेर पाऊल टाकलं की बंगलोरला दिसतं.

१७ ऑगस्ट, मंगळवार

आईकडे गेले नाही. कलावती मावशीचा निरोप आला, विठ्ठलवाडीची एक बाई जागेसाठी विचारून गेली. आई तिला हो म्हणाली नाही अजून. पुनव पुढच्या गुरुवारी.

मी आईला काय सांगू? की मला मशीन सोडत नाही?

१९ ऑगस्ट, गुरुवार

आज जे केलं ते कोणाला सांगणार नाही. सरोजलाही नाही, ती बाहेर गिऱ्हाइकाचं बिल करत होती.

मी ह्यांचा नंबर टाकला. पाकीट मीच वाचून दाखवलेलं, लक्षात होतं. पासवर्डाच्या जागी हात आपोआप गेला. एकवीरा. मनात म्हटलं, नाही उघडणार. ह्यांनी मला एवढं सुरक्षिततेवर ऐकवलं.

उघडलं.

मला हसू फुटलं, तोंडात पदर धरला. माणूस बंगलोरला गेला, इंजिनियर झाला, आणि देवीला सोडून दुसरं नाव सुचलं नाही. कोळ्याच्या घरात दुसरं काय असणार.

मग बघितलं. म्हटलं, बघू तरी ह्यांचे खर्च काय आहेत. तर ह्यांचं काहीच नव्हतं, एक खोलीचं भाडं सोडलं तर. हे जेवतात कुठे, चहा पितात का, काही कळेना. बाकी सगळी मीच होते. ठाणे. डोंबिवली. डोंबिवली. ठाणे. तारीख, वेळ, किती. एकाखाली एक. आईच्या औषधाचा दिवस, बुटांचा दिवस, दूधवाल्याच्या वेळेचा दिवस. तिकडे बसून हे बायको म्हणून एवढंच बघतात. मी हसते कधी, मधुला ताप आला तेव्हा किती जागले, ते काही त्यात नाही. ह्यांचीसुद्धा जरा दया आली. पण जरा.

मी काही बदललं नाही. तो फिक्स मोडता आला असता का, सरोजला विचारलं असतं तर तिनं दाखवलं असतं. नको. बंद करून टाकलं. चहा घेतला. चहा घेताना ठरलं. मी मशीनमध्ये कार्ड घातलं तरच ह्यांना दिसते. मग नाहीच घालायचं.

२६ ऑगस्ट, गुरुवार, नारळी पौर्णिमा

बसले.

आईनं स्वतःचा बटवा माझ्या कमरेला बांधला. आतलं भांडवल तिचं, म्हणाली, "पयला माल माज्यावर. उद्यापासना तुज्यावर." कोपऱ्यावर नारळ फोडला. आज माल थोडाच, खाडीची कोळंबी आणि थोडे निवटे, होड्या आता कुठे निघाल्यात. पहिल्या गिऱ्हाइकाला मी भाव सांगितला तो इतक्या हळू की ती म्हणाली, "काय म्हणालात?" मागून आई ओरडली, "मोठ्यानं बोल गो. बँकेत हायस का?" सगळा ओटा हसला.

साडी गुडघ्यापर्यंत भिजली. हात सालटले. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या, श्वास रोखून म्हणाल्या, "बाहेर गेला होतात वाटतं?" मी म्हटलं, हो, कामाला.

६ सप्टेंबर, सोमवार

हात अजून बसत नाही. काल पापलेट साफ करताना बोट कापलं. एक बाई वजनात फसवून गेली असं आईचं म्हणणं. पण वाण्याचं देऊन झालं, मधुच्या क्लासचं झालं. नोटा ओल्या होतात, घरी आणून खिडकीत वाळत घालते, वर चिमटे. मधु नाक मुरडते. मी म्हटलं, बाबांना सांगायचं तर सांग, मी नाही म्हणणार नाही. ती म्हणाली, "मी कशाला सांगू?" आणि एक चिमटा उचलून दिला.

२० सप्टेंबर, सोमवार

गणपतीला हे आले नाहीत, सुट्टी मिळाली नाही. पण आज फोनवर आवाज वेगळाच होता.

"सगुणा, तू पैसे काढत नाहीस का?"

"नाही."

"मशीन बंद आहे का?"

"चालू असेल. मी गेले नाही."

"मी दर सोमवारी सोडतोय, सगळे तसेच पडलेत. घर कसं चाललंय?"

"चाललंय."

"कोण देतंय तुला?"

काय मनात आलं असेल ह्यांच्या, देव जाणे. मी सांगून टाकलं. आईच्या जागेवर बसते. पुनवेपासून. तुम्ही नाही म्हणालेलात, ऐकलेलं मी, तरी बसते. मला वाटलेलं आवाज कापेल, पण बाजारात ओरडून ओरडून घसा तयार झालाय.

 हे म्हणाले, "मला काहीच दिसत नाही गं इथून." आणि फोन ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं. मी मधुला जेवायला वाढलं आणि माझ्या ताटात वाढायलाच विसरले.

११ ऑक्टोबर, सोमवार

तेव्हापासून फोन मधुला येतो. मला "आई बरी आहे ना" एवढंच तिच्याकडून. रोज सकाळी निघताना वाटतं, आज जाऊ नये. बाजारात पोचले की वाटत नाही. घरी आले की परत वाटायला लागतं. सुटले असं लिहिणार होते, पण तसं काही झालेलं नाही. दिवाळीला हे येतील. तेव्हा काय ते होईल.

६ नोव्हेंबर, शनिवार

आले. बॅग ठेवली, मधुला जवळ घेतलं. माझे हात बघितले. खिडकीत चिमटे तसेच होते, तेही बघितले. हे अंगानं वाळलेत. मी आज बाजारात गेलेले आणि परवाही जाणार, हे आल्या आल्या सांगून टाकलं. "बरं," म्हणाले. जेवताना सुरमई दुसऱ्यांदा मागून घेतली.

८ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी हे बाहेर पडले आणि थोड्या वेळानं परत आले. मशीनमधले पैसे संपलेत, दिवाळीची गर्दी, बँका बंद. स्टेशनापलीकडच्या मशीनपाशीही जाऊन आले. खिशात रिक्षापुरतेसुद्धा राहिले नव्हते.

मी बाजारातून येऊन ओट्यापाशी हात धूत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चौकटीला हात लावून. सासरे असेच उभे राहायचे, मोठागावच्या घरात, मी नवी सून होते तेव्हा बघितलंय.

"सगुणा," म्हणाले, "थोडे असतील का गं?"

माझ्या अगदी जिभेवर आलं. एकच शब्द. कशाला? ह्यांनी मला तो जून महिन्यापासून विचारला, किती वेळा, आणि मी प्रत्येक वेळी जुळवून उत्तर दिलं. ह्यांना ठाऊक होतं मी विचारणार. तोंड आधीच तयार करून उभे होते, सांगायला.

मी बटवा सोडला, मोजल्याशिवाय मूठभर काढले आणि ह्यांच्या हातात ठेवले. परत नळ सोडला.

हे गेले नाहीत. तसेच उभे राहिले. मी विचारेन म्हणून वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "जा ना, दुकानं बंद होतील."

९ नोव्हेंबर, मंगळवार, पाडवा

ह्यांना ओवाळलं. हे गेल्या कित्येक वर्षांत पाटावर इतके सरळ बसले नव्हते. खिशातून काढून तबकात ओवाळणी ठेवली. नव्या साडीची घडी, आणि वर एक नोट.

नोट मी ओळखली. कोपऱ्याला चिमट्याचा वळ होता आणि बांगड्याचा वास. मधुनं नाकाला हात लावला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. मग दोघांनाही हसू आवरेना, आणि मधु विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

उद्या भाऊबीज, ठाण्याला जायचंय. जाऊ का म्हणून मी कोणाला विचारलं नाही. परवापासून जागेवर.